शेऱ्याचा रकाना

बाराला पाच मिनिटं असताना मी विमानतळाच्या कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले आणि दीड वाजता तिथून उठले. तेवढ्या वेळात तीन चहा झाले, एक वडा मागवून तसाच ठेवला, आणि दार उघडलं की मान वर, दार उघडलं की मान वर. एक्केचाळीस वेळा उघडलं. मोजायची खोड आहे मला, कामामुळे लागलेली.

रविवार होता. अंगावर मोरपंखी इरकल होती. भावाच्या लग्नानंतर ती मी कपाटातून काढली नव्हती, त्यामुळे तिला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रविवारी दुपारी वाढायला असणारा माणूस मला ओळखत नव्हता. जेवण आणू का, असं त्याने दोनदा विचारलं. कुणीतरी येणार आहे, असं मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझी मलाच लाज वाटली.

बेचाळीस वर्षांची होते मी. माझ्या वर्गातल्या मुली त्या वयात लेकींसाठी स्थळं बघायला लागल्या होत्या, आणि मी अशा माणसाची वाट बघत बसले होते ज्याला मी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. फक्त आवाज ओळखीचा होता, आणि अक्षर.

शहराचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत, आणि जे झालं ते माझ्या हातून झालं, विमानतळाच्या नव्हे.

माझं काम विमानांची रांग लावायचं. लोकांना वाटतं, विमान आलं की उतरलं. अहो, एसटीलासुद्धा स्टँडात शिरायला थांबावं लागतं. त्या वर्षी मोठी धावपट्टी दुरुस्तीला काढली होती आणि सगळा भार धाकटीवर आला होता. सात-सात, आठ-आठ विमानं एकदम यायची आणि डोक्यावर घिरट्या घालत बसायची. मी एक योजना मांडली. विमानतळाच्या चाळीस मैल अलीकडे सगळ्या दिशांच्या वाटा एका जागी मिळत होत्या. नकाशात त्या जागेला पाच इंग्रजी अक्षरांचं सरकारी नाव होतं. मी कुडाळची. माझ्या तोंडी आलं, फाटा. मग आमच्या खोलीत सगळेच फाटा म्हणायला लागले. विमान दोनशे मैल लांब असतानाच वैमानिकाला सांगायचं, फाट्यावर तुमची वेळ अमुक. त्याने तिथूनच वेग कमी करायचा आणि त्या मिनिटाला फाट्यावर हजर व्हायचं. मग घिरट्या नकोत, घुसाघुशी नको, जो आधी निघाला तो आधी उतरणार. वरून तीन महिन्यांची मुभा मिळाली. तेवढ्यात जमलं नाही तर योजना गुंडाळायची, असं ठरलं.

बहुतेक वैमानिकांनी नाकं मुरडली. एक बाई दोनशे मैलांवरून सांगणार, हळू चालवा. काही जण वेळ ऐकून घ्यायचे आणि चार मिनिटं आधीच येऊन टपकायचे, मग त्यांना मी लांबच्या वाटेने वळवून आणायची. पहिल्या दिवसापासून एकाच माणसाने मिनिटाचाही फरक पडू दिला नाही. कॅप्टन श्रीनिवास मायदेव. रेडिओवरचं बोलणं सगळं इंग्रजीत असतं आणि टेपवर जातं, तिथे इकडचं तिकडचं एक अक्षर बोलायची सोय नसते. मायदेव शेवटी एकच मराठी शब्द बोलायचे, "नमस्कार." मीही म्हणायची, "नमस्कार." एवढ्याला कोणी हरकत घेतली नाही.

बाकीचं बोलणं कागदावर झालं. योजनेसाठी मी एक छापील फॉर्म काढला होता. उतरल्यावर वैमानिकाने तो भरायचा. दिलेली वेळ, गाठलेली वेळ, घिरट्या घालाव्या लागल्या का, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्याच्याखाली आमच्यासाठी एक ओळ, उत्तराची. उत्तर लिहिलेली प्रत वैमानिकाच्या नावाच्या खणात जायची. इतरांचे शेरे एका शब्दाचे असत, तेही इंग्रजीत. मायदेवांचा पहिला शेरा मराठीत आला. "वेळ पाळली. चहा गार झाला." मी उत्तर लिहिलं, "चहाची जबाबदारी या कार्यालयाकडे नाही."

तिथून सुरुवात झाली. दहा-अकरा आठवडे त्या दोन बोटं रुंदीच्या रकान्यात आम्ही बोलत होतो. ते आधी हवाई दलात होते, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, घरी गेलं की कुलूप स्वतःच उघडायचं आणि स्वतःच लावायचं. मी लिहिलं की माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि तेव्हापासून सरकारी क्वार्टरमध्ये मी एकटीच. कुकरला तीन शिट्ट्या कशाला द्यायच्या, एका माणसाचा भात दोन शिट्ट्यांत होतो, असंही एकदा लिहिलं. आता आठवलं की हसू येतं. सरकारी फॉर्मवर भाताच्या शिट्ट्या. पण मला फार बरं वाटायचं. फॉर्मचा गठ्ठा आला की मी आधी ते अक्षर शोधायची, तिरकं, शाईच्या पेनाचं.

आणि मग एका सोमवारी हा शेरा आला.

"आखातातल्या एका कंपनीचं बोलावणं आहे. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं आहे. इथे राहायला कारण असेल तर मी राहीन. ते कारण आहे का, हे एका माणसाला समोर बसून विचारायचं आहे." आणि खाली रविवारची तारीख, चार आकड्यांत वेळ, कँटीन. "जमेल?"

तो कागद मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. कांदेपोह्यांचे कार्यक्रम झाले होते, पण तिथे आईला विचारायचे. तिसऱ्या दिवशी उत्तराच्या ओळीत लिहिलं, "जमेल." उत्तर काय द्यायचं तेही ठरलं होतं. राहा म्हणणार होते. इरकल साडीला इस्त्री मी शनिवारीच करून ठेवली.

तर असा तो रविवार. दीड वाजेपर्यंत कोणी आलं नाही. दोनपासून माझी पाळी होती. क्वार्टरवर जाऊन साडी बदलायचंही त्राण उरलं नव्हतं, तशीच खोलीत गेले. शेजारच्या खुर्चीवर रफीक मुजावर होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण कामाला पक्का. साडी बघून तो म्हणाला, आज काही विशेष? मी म्हटलं, धुणं वाळलं नाही.

राग आला होता मला, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. तो माणूस आला नाही, ठीक आहे. पण निरोप नाही, फोन नाही. मिनिट न चुकवणारा माणूस नेमका मलाच चुकला, म्हणजे त्याने विचार बदलला. माझ्याशी कागदावर बोलणं सोपं होतं, समोर बसायची वेळ आली तेव्हा त्याला माझं वय आठवलं असणार. असले विचार एकदा सुरू झाले की माणूस त्यांना शेपटं जोडत बसतो.

तीनच्या सुमाराला रेडिओवर मायदेवांचा आवाज आला. दिल्लीहून परत येत होते, म्हणजे मला बोलावून हा माणूस सकाळीच उडाला होता. आवाज नेहमीपेक्षा जरा बसलेला होता. त्यांना वेळ देऊन झाली होती आणि त्याप्रमाणे ते नेमके फाट्यावर येत होते. मागे आणखी दोन विमानं होती, चार-पाच मिनिटांच्या अंतराने. आमच्यासमोर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी फळीवर खोचलेली असते. सगळ्यात खालची पट्टी पहिल्या नंबराची. मायदेवांची पट्टी खाली होती. मी ती उचलली आणि दोन घरं वर खोचली.

"मॅडम, मायदेवसाहेब पहिले आहेत ना?" मुजावर म्हणाला.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

मी त्यांना फाट्यावर घिरट्या घालायला सांगितलं. त्यांनी किती वेळ ते विचारलं. मी सांगितलं, उशीर किती ते निश्चित नाही. हे वाक्य आमच्या पुस्तकात आहे आणि ते मी त्या तीन महिन्यांत कोणालाही म्हटलं नव्हतं. मग ते म्हणाले, समजलं. मागची दोन्ही विमानं मी सरळ वाटेने आत घेतली आणि पुढे काढली. मायदेवांनी तीन फेऱ्या मारल्या, एकेक चार मिनिटांची. शंभरावर माणसं होती त्या विमानात. कुणाची म्हातारी न्यायला आली असेल, कुणाला पुढची गाडी पकडायची असेल. बारा मिनिटं मी त्यांना आभाळात फिरवलं, कारण मी कँटीनमध्ये दीड तास बसले होते.

नोंदवहीत घिरट्यांचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "पुढे वाहतूक." मुजावरने ते वाचलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्या दिवशी मायदेव नमस्कार म्हणाले नाहीत. मला समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू. ते उतरल्यावर पाच मिनिटं छान वाटलं, आणि मग इतकं वाईट वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सोमवारी त्यांचा फॉर्म आला. फाट्यावर दिलेली वेळ आणि गाठलेली वेळ, दोन्ही सारख्या. घिरट्या, बारा मिनिटं. शेरा होता, "उत्तर समजलं. तक्रार नाही."

मी तो तीनदा वाचला. कसलं उत्तर? मी कधी उत्तर दिलं? यायचं नाही ते नाही आणि वर ही भाषा. मी फॉर्म फाइलला लावून टाकला.

मंगळवारी माझी सकाळची पाळी होती. नऊला चहा प्यायला कँटीनमध्ये गेले. सकाळच्या वेळी गोदाक्का असायची, सांगोल्याकडची, पहाटे पाचला यायची आणि अकराला घरी जायची. तिने चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"बाई, रविवारी एक क्याप्टन आला हुता बगा," ती म्हणाली. "पार उजाडल्या-उजाडल्या. दाढीबिढी करून, कडक कपड्यात. त्या खिडकीपाशी बसला. दोन च्या सांगितलं. म्या दोन ठिवलं. एक प्याला, एक तसाच गार झाला. मग परत दोन सांगितलं. नऊपतोर हेच चाललं हुतं."

मी विचारलं, कोणाची वाट बघत होता.

"म्या बी इचारलं. म्हनला, खानोलकरबाई यायच्यात. म्या म्हनलं, बाईंची पाळी दुपारची हाय आज. तर म्हनला, ठाव हाय, पर यायच्यात त्या. त्यांनी लिवून दिलंय." गोदाक्काने टेबल पुसलं. "मग त्येंच्या इमानाची येळ झाली. जाताना ह्ये तुमच्यासाटी म्हनून ठिवून गेला."

एक छोटी डबी होती, स्टीलची. आत आल्याच्या वड्या. मी एकदा शेऱ्याच्या उत्तरात लिहिलं होतं की आई गेल्यापासून आल्याच्या वड्या खाल्ल्या नाहीत.

मी खोलीत परत आले आणि तो जुना फॉर्म काढला. शेरा पुन्हा वाचला. रविवार, ०६३०, कँटीन. आमच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं आहेत. जगातलं विमानांचं सगळं काम एकाच वेळेवर चालतं, ग्रीनिचच्या, आपल्याहून साडेपाच तास मागे. दिल्ली असो की दुबई, आकाशात सगळ्यांचं घड्याळ तेच. मी त्याला वरची वेळ म्हणायची आणि दुसऱ्या घड्याळाला घरची वेळ. फॉर्मच्या डोक्यावर मीच छापून घेतलं होतं, सर्व वेळा ग्रीनिचप्रमाणे. त्यामुळे मी ०६३० वाचलं आणि डोक्यात आपोआप साडेपाच तास मिळवले. दुपारचे बारा. वीस वर्षं हा हिशोब करत होते, करतेय हेही कळायचं नाही.

आणि त्यांनी तो शेरा मराठीत लिहिला होता. बायकोच्या आजारपणाचं लिहिलं होतं, कुलपाचं लिहिलं होतं, त्याच अक्षरात, त्याच रकान्यात. त्यांच्या दृष्टीने तिथे ऑफिस नव्हतंच. त्यांनी घरची वेळ लिहिली. सकाळचे साडेसहा. सकाळ हा एक शब्द जास्तीचा लिहिला असता तर. पण चोवीस तासांचं घड्याळ वापरणारा माणूस सकाळ-संध्याकाळ कशाला लिहील? मी तरी कुठे विचारलं.

म्हणजे ते अडीच तास माझी वाट बघत बसले. मग विमान घेऊन दिल्लीला गेले. परत येताना मी त्यांना तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि मागच्या दोघांना पुढे काढलं. हा माणूस रांग ओळखणारा होता. आपला नंबर पहिला आहे, हे त्याला रेडिओवर ऐकूनच कळत होतं. त्याने त्याला उत्तर समजून घेतलं. बरोबरच होतं त्याचं. दुसरं कोणी काय समजलं असतं?

पंधरा तारखेला चार दिवस होते. मी पत्र लिहायला बसले. सकाळच्या घोटाळ्याचं लिहायला काहीच अडचण नव्हती, उलट त्यावर दोघं हसलो असतो. अडायचं ते पुढच्या परिच्छेदाला. सकाळी चूक झाली होती. दुपारी चूक झाली नव्हती. दुपारी मी समजून-उमजून पट्टी वर खोचली होती आणि वहीत खोटं लिहिलं होतं. ते लिहायचं म्हणजे मी कोण आहे ते लिहायचं. आणि ते कागदावर आलं, कोणाच्या हाताला लागलं, तर योजना संपली असती. नोकरीही गेली असती कदाचित. सात वेळा पत्र सुरू केलं. एकदा त्यांच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीने विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, राँग नंबर.

चौदा तारखेला दुपारी ते पुन्हा माझ्या रेडिओवर आले. त्या दिवशी रांगेत त्यांचा नंबर खरोखरच पहिला होता. मी वेळ सांगितली, वाऱ्याची दिशा आणि वेग सांगितला, उशीर नाही असं सांगितलं. ते म्हणाले, "घिरट्या नाहीत, बरोबर?"

"घिरट्या नाहीत. नंबर पहिला."

"आभारी आहे."

तेव्हा मी बटण दाबून धरलं. आमच्या बोलण्यात एक ठरलेला शब्द आहे. काही चुकीचं सांगितलं गेलं तर म्हणायचं, करेक्शन, आणि मग बरोबर काय ते सांगायचं. तो शब्द उच्चारायला कोणाची परवानगी लागत नाही. मी म्हटलं, "करेक्शन."

"बोला," ते म्हणाले.

मुजावर माझ्याकडे बघत होता. टेप फिरत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की रविवारी मी बाराला आले होते. चार-पाच शब्द. मेमो आला असता, आला असता तर आला असता. मी बटण दाबून बसले. सहा सेकंद गेले. मग मी म्हटलं, "वारा दोनशे सत्तर अंशांवरून, आठ नॉट."

पलीकडून आलं, "वारा तोच. समजलं." आणि मग, आठवड्यानंतर पहिल्यांदा, "नमस्कार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पंधराला, त्यांचा फॉर्म माझ्या टेबलावर होता. शेरा असा होता. "वारा आधीही तोच सांगितला होता. करेक्शन कशाचं, ते कळवावं. संध्याकाळी सहापर्यंत ऑफिसात आहे." सहाच्या आधी 'संध्याकाळी' लिहिलं होतं, अक्षरात. म्हणजे घोळ वेळेचा झाला, हे त्यांनाही कुठेतरी उमगलं होतं. दार त्यांनी उघडून ठेवलं होतं, मला फक्त आत जायचं होतं.

दिवसभर तो कागद माझ्यासमोर होता. साडेपाचला मी उत्तराच्या ओळीत लिहिलं, "वाऱ्याचंच. तसदीबद्दल क्षमस्व." आणि शिपायाकडे दिलं.

योजना पास झाली. तीन महिन्यांत मिळून घिरट्यांचा एकच प्रसंग नोंदला गेला होता, बारा मिनिटांचा, आणि त्याचं कारणही वहीत व्यवस्थित लिहिलेलं होतं. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. मायदेव गेले. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. मुजावरने त्या पट्टीबद्दल कधी कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. आता ते काम कॉम्प्युटर करतो, आणि त्याला कोणाचा राग येत नाही.

निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. घरात एकच घड्याळ आहे. दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावते ती अशी, "उद्या सकाळी साडेसहाला अर्धा लिटर." परवा तो म्हणाला, "आजी, सकाळी कशाला लिहिता रोज? मी कधी संध्याकाळी येतो का?"

मी म्हटलं, "असू दे रे. लिहिलेलं बरं."